‘हॉल्ट’ आणि ‘लिंप’ : लंगडणाऱ्या चालीचा शब्द आणि सरळतेचा निकष

१

एक पाय ओढत किंवा एका अंगावर झुकत चालण्याच्या क्रियेसाठी आजच्या इंग्रजीत ‘लिंप’ हा शब्द सर्वाधिक रूढ आहे. त्याच्या आसपास ‘हॉल्ट’, ‘लेम’, ‘हॉबल’ असे आणखी काही शब्द वावरतात. कोशामध्ये हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी-शेजारी येतात; परंतु त्यांचे पूर्वेतिहास भिन्न आहेत, आणि इंग्रजी काव्याने व काव्यशास्त्राने त्यांचा जो वापर केला तो या पूर्वेतिहासांवरून उलगडत नाही. शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याचा साहित्यव्यवहारातील अर्थ यांच्यातील हे अंतर लंगडण्याच्या शब्दांपाशी विशेष स्पष्ट होते. चाल ‘वेडीवाकडी’ ठरविण्यासाठी ‘सरळ’ चालीची कल्पना आधी गृहीत धरावी लागते, आणि व्युत्पत्ती या गृहीतकाविषयी काहीच सांगत नाही.

‘लेम’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘लामा’ या रूपातून आलेला आहे. त्याची भावंडे इतर जर्मानिक भाषांत आढळतात आणि स्लाव्ह भाषांमधील ‘मोडणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते जोडले जाते. ‘लिंप’चा इतिहास मात्र खंडित आहे. क्रियापद म्हणून तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखी इंग्रजीत दिसू लागतो. त्याआधी जुन्या इंग्रजीत ‘लेम्पहेआल्ट’ असा एक सामासिक शब्द होता. त्यातील दुसऱ्या घटकाचा अर्थ ‘लंगडा’ असा निश्चित आहे. पहिला घटक संदिग्ध आहे आणि मध्ययुगीन जर्मनमधील एका विरळ क्रियापदापलीकडे त्याला निकटचा सोबती नाही. ‘सैल सुटणे’, ‘खाली लोंबणे’ अशा अर्थाच्या मूळ धातूपासून तो आला असावा, असा तर्क भाषाभ्यासकांनी केला आहे. संस्कृतातील ‘लम्ब्’ हा धातू त्याच कुळातला मानला जातो. हा तर्क ग्राह्य धरला तर ‘लिंप’ हा मराठीतील ‘लोंबणे’, ‘लंबक’ आणि ‘विलंब’ या शब्दांचा दूरचा नातलग ठरतो. ‘लेम’मध्ये मोडलेपणाची कल्पना असेल, तर ‘लिंप’मध्ये रेंगाळण्याची, मागे राहून जाण्याची कल्पना असावी, असे मग म्हणता येईल.

हा निष्कर्ष मोहक आहे. म्हणूनच तो सावधपणे हाताळला पाहिजे. एखादा शब्द भाषाव्यवस्थेत काय अर्थ देतो, हे त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या त्याच्या भेदावरून ठरते, त्याच्या पूर्वजांवरून नव्हे, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे विसरता येत नाही. शेजार बदलला की अर्थ कसा बदलतो, याचे उदाहरण ‘हॉल्ट’ या शब्दाने पुरविले आहे. जुन्या इंग्रजीतील ‘हेआल्ट’पासून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘लंगडा’, ‘लंगडणे’ असाच होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लष्करी व्यवहारातून दुसरा एक ‘हॉल्ट’ इंग्रजीत आला. ‘धरणे’, ‘थांबणे’ या अर्थाच्या जर्मन क्रियापदापासून निघालेली ती आज्ञा फ्रेंच व इटालियन सैन्यांमार्फत इंग्रजीपर्यंत पोहोचली होती. मुळात परस्परांशी संबंध नसलेले हे दोन शब्द उच्चाराने आणि लेखनाने एक झाले. परिणामी १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये एलिया संदेष्टा लोकांना ‘दोन मतांमध्ये कोठवर हॉल्ट करणार’ असे विचारतो, तेव्हा आजच्या वाचकाला ‘कोठवर थांबून राहणार’ असे ऐकू येते. मूळ हिब्रू क्रियापद मात्र लंगडण्याचे आहे. लंगडणारा चालत असतो. थांबलेला चालत नाही. एका शब्दातील गती अशा रीतीने दुसऱ्याने गिळून टाकली. मराठीनेही रेल्वेच्या आणि एसटीच्या व्यवहारातून जो ‘हॉल्ट’ स्वीकारला तो हा दुसरा. पहिला ‘हॉल्ट’ आज इंग्रजीत मुख्यतः ‘हॉल्टिंग’ या विशेषणात, अडखळत्या बोलण्याच्या किंवा अडखळत्या ओळीच्या वर्णनात, तग धरून आहे. पायाच्या व्यंगासाठी असलेला शब्द शेवटी वाणीच्या व्यंगापुरता उरावा, हा योगायोग नाही. त्याची तयारी काव्यशास्त्राने फार पूर्वीच केली होती.

२

पाश्चात्त्य छंदःशास्त्रातील लघुतम आवर्तक एककाला ‘पाऊल’ म्हणतात. ग्रीकांनी त्याचे ‘उचलणे’ आणि ‘टेकणे’ असे दोन भाग कल्पिले होते. ओळ म्हणजे चाल, असे एकदा मानले की चालीचे सर्व गुणदोष ओळीला लागू होतात. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात एफेसस येथील हिपोनॅक्स या कवीने या रूपकाचा पुरेपूर उपयोग केला. लघु-गुरूंच्या आवर्तनावर उभ्या असलेल्या आयंबिक ओळीत शेवटून दुसरे अक्षर लघु असणे बंधनकारक होते. हिपोनॅक्सच्या ओळीत त्या जागी गुरू अक्षर येते. वेगाने चालत आलेली ओळ अगदी शेवटच्या पावलाला खाली बसते. या रचनेला ‘स्केझॉन’, म्हणजे ‘लंगडणारा’, आणि ‘कोलिआंबस’, म्हणजे ‘लंगडा आयंब’, अशी नावे मिळाली. डिमीट्रिअसच्या नावे प्रसिद्ध असलेल्या शैलीविषयक ग्रंथात या रचनेचे स्पष्टीकरण असे आहे की, शत्रूंची निर्भर्त्सना करण्यासाठी कवीने वृत्त मोडले, त्याला सरळ न ठेवता लंगडे केले. कारण निंदेला सुश्राव्यतेपेक्षा ओबडधोबडपणा अधिक साजतो.

येथे एक तांत्रिक तपशील निर्णायक ठरतो. त्याच आयंबिक ओळीच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या पावलात लघूच्या जागी गुरू येण्यास पूर्वापार मुभा होती. तेथे तसा बदल झाला तरी ओळ लंगडते, असे कोणी म्हणत नसे. तोच बदल सहाव्या पावलात झाला की ती ‘लंगडी’ ठरे. म्हणजे लंगडेपणा अक्षरांच्या विषमतेत नाही; विषमता कोणत्या जागी अपेक्षित नव्हती, यात तो आहे. इंग्रजी निर्यमक पद्यातही ओळीच्या आरंभीचे पाऊल उलटे पडणे नित्याचे आहे. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकाची पहिलीच ओळ तशी सुरू होते. कानाला तेथे ठेच लागत नाही, कारण कान त्या ठेचेला सरावलेला आहे.

लंगड्या वृत्ताला ठरावीक भावार्थ चिकटलेला नसतो, हे कॅटलसने दाखवून दिले. त्याची आठवी कविता प्रेयसीने दूर लोटलेल्या प्रियकराचा स्वतःशीच चाललेला झगडा आहे. एकतिसावी कविता प्रवासाने शिणलेल्या माणसाच्या सिर्मिओ येथील आपल्या घरी परतण्याच्या आनंदाची आहे. दोन्ही कविता स्केझॉनमध्ये आहेत. निंदेसाठी मोडलेले वृत्त एकीकडे आत्मनिर्भर्त्सना पेलते, तर दुसरीकडे घरच्या बिछान्यावर अंग टाकण्याचे सुख. ओव्हिडने तर या रूपकाची दिशाच फिरविली. विलापिकेच्या द्विपदीत पहिली ओळ सहा पावलांची आणि दुसरी पाच पावलांची असते. ‘आमोरेस’च्या आरंभी मदन कवीच्या ओळीतले एक पाऊल चोरतो, आणि तिसऱ्या भागाच्या पहिल्या कवितेत विलापिका स्त्रीरूपाने अवतरते तेव्हा तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असतो. हे व्यंगच तिच्या डौलाचे कारण आहे, असे ओव्हिड सुचवितो. विलापिका लंगडते ती महाकाव्याच्या चालीशी तुलना केली तरच. तिच्या स्वतःच्या द्विपदीत ती नियमाने चालते.

शेक्सपिअरच्या हाती हे रूपक आले तेव्हा इंग्रजीतील ‘फूट’, ‘लेम’ आणि ‘हॉल्ट’ हे तिन्ही शब्द श्लेषासाठी सिद्ध होते. नट येत असल्याचे कळल्यावर हॅम्लेट म्हणतो की, नायिकेने मोकळेपणाने बोलावे, नाहीतर निर्यमक पद्य लंगडेल. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये रोझलिंड आणि सीलिया झाडांवर टांगलेल्या प्रेमकवितांच्या लंगड्या पायांची थट्टा करतात. एकोणनव्वदाव्या सुनीतातील प्रसंग अधिक खोल आहे. तेथे निवेदक प्रियव्यक्तीला सांगतो की, तू माझ्या लंगडेपणाविषयी बोललास तर मी तत्काळ लंगडू लागेन. ‘तत्काळ’ या अर्थी जो शब्द तेथे आला आहे त्याचा दुसरा अर्थ ‘सरळ’ असा आहे. या सुनीतावरून शेक्सपिअर स्वतः लंगडा होता असे अनुमान काही जुन्या अभ्यासकांनी काढले. संहितेतील चिन्हाला चरित्रातील हाडामांसाचा पुरावा मानण्याची ही घाई होती. सुनीताचे म्हणणे याच्या उलट आहे. तेथे आधी आरोप येतो, मग चाल. शब्द उच्चारला जातो आणि पाय त्या शब्दाप्रमाणे पडू लागतो.

३

शब्द आणि पाय यांच्यातील हा उलटा क्रम केवळ श्लेषापुरता नाही. एलिझाबेथकालीन रंगभूमीवरील दोन राजपुरुषांच्या बाबतीत तो इतिहासाच्या कसोटीवर तपासता येतो.

मार्लोच्या ‘टॅम्बुर्लेन’ या नाटकाचे दोन भाग १५९० मध्ये छापले गेले. या नावातच लंगडेपणा आहे. ‘तैमूर-ए-लंग’ या फारसी बिरुदावरून युरोपीय भाषांनी ते घडविले. फारसीतील ‘लंग’ आणि मराठीतील ‘लंगडा’ यांचे साम्य उघड आहे. संस्कृत कोशांतही ‘लङ्ग’ हा शब्द याच अर्थाने नोंदलेला आहे. समरकंद येथील तैमूरची कबर १९४१ मध्ये मिखाईल गेरासिमोव्ह यांच्या पथकाने उघडली, तेव्हा उजव्या पायाच्या हाडांवरून त्याच्या लंगडेपणाची खात्री पटली. मार्लोचा नायक मात्र लंगडत नाही. नाटकात त्याचे वर्णन उंच, सरळ बांध्याचा पुरुष असे येते. इंग्रजी प्रेक्षकाला ‘लेन’ या अक्षरांत काही ऐकू येत नव्हते, हे त्याचे एक कारण असू शकेल. दुसरे कारण वृत्ताच्या बाजूचे आहे. नाटकाच्या प्रास्ताविकातच मार्लो यमकांच्या उड्या मारणाऱ्या जुन्या पद्याला बाजूला सारतो आणि एका भारदस्त, सलग ओळीची घोषणा करतो. त्या ओळीचा उच्चार करणारा विजेता स्वतः पाय ओढत रंगमंचावर आला असता, तर त्या घोषणेलाच बाध आला असता.

‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात याच्या नेमके उलट घडते. टॉमस मोर याच्या इतिहासात रिचर्डची पाठ वाकडी आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर असल्याचे वर्णन आहे. शेक्सपिअरचा रिचर्ड आरंभीच्या स्वगतातच सांगतो की, आपण लंगडत जवळून गेलो की कुत्री भुंकतात. तेथे त्याने वापरलेले क्रियापद ‘हॉल्ट’ हेच आहे. २०१२ मध्ये लेस्टर येथे रिचर्डचा सांगाडा सापडला आणि २०१३ मध्ये त्याची ओळख निश्चित झाली. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याच्या पाठीच्या कण्याला बाक होता, परंतु पायांची हाडे सामान्य व सममित होती, आणि तो लंगडत असल्याचा पुरावा आढळत नाही.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली की संहितेची सत्ता ध्यानात येते. जो लंगडत होता त्याला नाटकाने सरळ केले; ज्याचे पाय सरळ होते त्याला नाटकाने चार शतके लंगडत ठेवले. दोन्ही निर्णय शरीराच्या वस्तुस्थितीवरून झालेले नाहीत. विजेत्याची चाल सरळ आणि अपहारकर्त्याची वाकडी असावी, या संकेतव्यूहातून ते आलेले आहेत. ‘हॉल्ट’ हे क्रियापद रिचर्डच्या तोंडी येते तेव्हा ते चालीचे वर्णन करीत नाही. एक निवाडा आधीच देऊन ठेवते.

४

विसाव्या शतकातील साहित्यसिद्धान्ताने या संकेतव्यूहाकडे दोन वेगळ्या बाजूंनी पाहिले. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी मिथकाच्या संरचनेविषयीच्या १९५५ च्या निबंधात ईडिपसच्या घराण्यातील नावांकडे लक्ष वेधले. लॅब्डॅकस म्हणजे लंगडा, लेयस म्हणजे डावरा, ईडिपस म्हणजे सुजलेल्या पायाचा. सरळ चालता न येणे हा या नावांतील समान धागा होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. या व्युत्पत्तींपुढे त्यांनी स्वतःच प्रश्नचिन्हे घातली होती, हेही येथे नोंदविले पाहिजे. झाँ-पिएर व्हेर्नाँ यांनी १९८१ च्या ‘लंगडा जुलमी राजा’ या निबंधात हा धागा पुढे नेला. त्यांच्या विवेचनात पायातील वैगुण्य हे वंशपरंपरेतील, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाणाऱ्या सरळ मार्गातील वैगुण्याचे चिन्ह बनते. चार, दोन आणि तीन पायांचे कोडे सोडविणारा ईडिपस स्वतःच्या घरात पिढ्यांची सरमिसळ करतो.

चिन्हाचा हा अर्थ ग्रीकांनाही परिचित होता, आणि त्याचे वाचन करण्यावर एकदा राज्य अवलंबून राहिले होते. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास स्पार्टाच्या गादीसाठी पायाने लंगडा असलेला अजेसिलॉस आणि लिओटिकिडस यांच्यात वाद उभा राहिला. ‘लंगड्या राज्यापासून सावध राहा’ अशा अर्थाची एक जुनी भविष्यवाणी अजेसिलॉसच्या विरोधात पुढे करण्यात आली. झेनोफनच्या वृत्तान्तानुसार लायसँडरने असा युक्तिवाद केला की, देवाचा रोख पाय लचकण्याकडे नाही; हेराक्लीजच्या वंशातला नसलेला माणूस राज्यावर आला तर ते राज्य लंगडे होईल. लिओटिकिडसच्या औरसतेविषयी शंका होती. अजेसिलॉस राजा झाला. अभिधा की लक्षणा, हा प्रश्न तेथे पाठशाळेतला राहिला नव्हता. लायसँडरचा युक्तिवाद यशस्वी झाला, परंतु त्यानेही एक गोष्ट प्रश्नांकित केली नाही : लंगडे ते अशुभच. चिन्हित बदलले, चिन्हावरील डाग तसाच राहिला.

हा डाग हाच दुसऱ्या बाजूच्या समीक्षेचा विषय आहे. लेनर्ड डेव्हिस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले की, ‘नॉर्मल’ हा शब्द ‘सर्वसामान्य, प्रमाण’ या आजच्या अर्थाने इंग्रजीत रुळला तो १८४० च्या सुमारास. तोवर त्याचा संबंध काटकोनाशी होता. लॅटिनमधील ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. लाकडाला लावण्याचा गुण्या माणसाच्या शरीराला लावला गेला. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० मध्ये असा विचार मांडला की, कथन व्यंगाचा आधार कुबडीसारखा घेते. पात्राला वेगळेपण देण्यासाठी व्यंग वापरते आणि त्या व्यंगासह जगणाऱ्या माणसाच्या अनुभवाशी मात्र त्याला कर्तव्य नसते. रिचर्डच्या ‘हॉल्ट’ला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. तथापि स्केझॉनचा विचार केला तर या विवेचनात एक भर घालावी लागते. एलिझाबेथकालीन नाटकाच्या किंवा एकोणिसाव्या शतकातील संख्याशास्त्राच्या कितीतरी आधी कवितेच्या ओळीने सरळतेचा गुण्या वापरायला सुरुवात केली होती, आणि तो गुण्या हेतुतः मोडून अर्थ निर्माण करण्याची रीतही कवितेनेच शोधून काढली होती.

५

या पार्श्वभूमीवर भारतीय छंदोविचारातील ‘पाद’ किंवा ‘चरण’ ही संज्ञा तपासणे उद्बोधक ठरते. वरवर पाहता ती ग्रीक ‘पावला’ची समानार्थी वाटते. वस्तुतः येथे रूपक वेगळे आहे. पाद म्हणजे चतुष्पादाच्या चार पायांपैकी एक, अर्थात श्लोकाचा चतुर्थांश. ग्रीक ओळ पावलांनी चालते. संस्कृत श्लोक पायांवर उभा असतो. त्यामुळे वृत्तदोषांची नावेही निराळी पडली. भामह आणि दंडी यांनी ‘भिन्नवृत्त’ व ‘यतिभ्रष्ट’ असे दोष सांगितले. त्यांत फुटण्याची आणि ढळण्याची कल्पना आहे, लंगडण्याची नाही. आठ-आठ अक्षरांच्या तीन पादांची गायत्री ‘त्रिपदा’ म्हणून गौरविली गेली. चौथा पाय नाही म्हणून तिला कोणी लंगडी म्हटले नाही. ‘खञ्ज्’ या लंगडण्याच्या धातूशी जोडलेल्या ‘खंजन’ पक्ष्याशी तर कवींनी सुंदर डोळ्यांची तुलना केली.

मराठी ओवीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तीन सयमक चरणांनंतर आखूड, निर्यमक चौथा चरण येतो, म्हणून तिला साडेतीन चरणांची म्हटले जाते. हिपोनॅक्सच्या ओळीप्रमाणे तिचेही शेवटचे अंग विषम आहे. तरीही ‘ज्ञानेश्वरी’ वाचणाऱ्याला त्या जागी ठेच लागत नाही. तेथे श्वास टेकतो. शेवट विषम असणे हाच ओवीचा नियम असल्याने त्या विषमतेला व्यंगाचे नाव मिळाले नाही. ग्रीक कानाने मोजली असती तर ती लंगडी ठरली असती, आणि तिच्या मापाने मोजल्यास चार समान चरणांचा श्लोकच लांबलेला वाटेल.

मराठी समीक्षेच्या परिभाषेत मात्र लंगडण्याचे शब्द सहजपणे येत राहतात. लंगडे समर्थन, लंगडी बाजू, वृत्तात लंगडणारी ओळ असे आपण लिहितो. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ ही म्हण निदान कोणाच्या मोजमापाने, हे तरी सांगून टाकते. समीक्षकाचे विशेषण तेवढेही सांगत नाही. वृत्तबद्ध पद्याच्या मापाने मुक्तछंदाला, प्रमाणभाषेच्या मापाने बोलीतील कवितेला, एकसंध कथानकाच्या मापाने तुटक कादंबरीला अडखळती ठरविणे त्यामुळे सोपे जाते. चाल वाकडी असल्याचा निष्कर्ष दिला जातो. गुण्या कोठून आणला, हे अनुच्चारित राहते. आणि ज्याच्या शरीरावरून हे विशेषण उचलले तो माणूस त्या वाक्यात प्रत्येक वेळी दोष म्हणूनच हजर असतो.

‘लिंप’चे मूळ ‘लम्ब्’पाशी पोहोचते की नाही, याचा निर्णय भाषाशास्त्र यथावकाश देईल. तो काहीही लागला तरी साहित्यसमीक्षेपुढील प्रश्न त्याने सुटणार नाही. एखादी ओळ लंगडते, असे विधान करणाऱ्या समीक्षकाने ती कोणत्या चालीच्या तुलनेत लंगडते, हे त्याच विधानात सांगितले पाहिजे. एवढे बंधन पाळले तर ओळीतला खरा प्रमाद आणि हिपोनॅक्सने जाणूनबुजून टाकलेले जड पाऊल यांतला फरक ओळखता येईल, आणि ओवीच्या आखूड चरणाला नियमभंग समजण्याची चूकही टळेल.